नाव घालणारे तात्या

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आम्ही चौघं वडवणीच्या वस्तुसंग्रहालयाच्या दारात होतो. मी, माझी पत्नी, सातवीतली मुलगी आणि भाऊबिजेसाठी परळीहून आलेली माझी थोरली बहीण आक्का. मुलीला शाळेने सुट्टीत एखादं संग्रहालय बघून चार पानं लिहायला सांगितली होती, म्हणून आलो होतो. तिकीट मोठ्यांना दहा रुपये, मुलांना पाच. एकूण पस्तीस. मी पन्नासाची नोट दिली. टेबलामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पंचवीस रुपये परत केले.

"दहा जास्त आलेत," मी म्हणालो.

"बरोबर हायत. पंचवीस झाले तुमचे."

"तीन मोठे, एक लहान. पस्तीस होतात."

"दोन मोठे, एक ल्हान."

मी दहाची नोट टेबलावर ठेवली. त्यांनी ती एका बोटाने माझ्याकडे सरकवली. मी परत तिकडे सरकवली. असं दोनदा झालं तेव्हा पत्नी म्हणाली, "घेत नाहीत तर राहू द्या ना. दहा रुपयांत काय बंगला बांधायचाय का त्यांना?" पण मी बीडला एका कॉलेजच्या हिशेब विभागात एकोणतीस वर्षं काढली आहेत. दहा कमी आलेले आणि दहा जास्त आलेले मला सारखेच टोचतात. मी कारण विचारलं.

त्यांनी मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, 'ज्याचे नाव भांड्यावर आहे त्यास तिकीट नाही.'

"ताईंचं नाव हाय आत," ते म्हणाले. आत शिरताना आम्ही टेबलावरच्या वहीत नावं-गावं लिहिली होती. त्यांचा अंगठा आक्काच्या ओळीवर होता.

"माझं कसं असंल?" आक्का म्हणाली. "अडतीस वर्षांत मी ह्या गावात पाय ठेवला नाही."

"ठाऊक हाय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

ते रंगनाथतात्या. आत काय झालं ते सांगतो, पण आधी तात्या सांगायला हवेत. मला ते पुढच्या तीन-चार महिन्यांत कळत गेले. त्या काळात मी त्यांच्याकडे नऊ वेळा गेलो.

तात्या तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेला दुसरा चष्मा. एक चष्मा माणसं बघायला, दुसरा अक्षरं बघायला. डावा कान गेलेला होता. पितळेवर हातोडी मारून मारून गेला म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे. ज्याचं ऐकायचं नसेल त्याला ते स्वतःच उठून आपल्या डावीकडची खुर्ची देत. गावातल्या पुढाऱ्यांना आणि वर्गणी मागणाऱ्यांना ती खुर्ची चांगली ओळखीची होती.

त्यांनी बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून एक्केचाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावून उमटत जाणारं नाव. भाव अक्षरावर असे. काना, मात्रा, वेलांटी फुकट, जोडाक्षराला दीड. त्यामुळे त्यांना माणसं अक्षरांनी आठवत. कुणी नवीन भेटला की नाव ऐकून आधी मनात मोजायचे. "प्रल्हाद ज्ञानेश्वर म्हंजे लई म्हागातलं नाव," ते एकदा एका शिक्षकांना म्हणाले. "तुमच्या आईबापानं भांडी घेनाराचा इचारच केला न्हाई."

अक्षराला पैसे पडतात म्हणून लोक नाव तोडायचे. सिरसाळ्याच्या एका शेतकऱ्याने दोन्ही सुनांच्या हंड्यांवर फक्त 'सौ. क.' घालून घेतलं. थोरली कमल, धाकटी कांता. बारा वर्षांनी भाऊ वेगळे निघाले, तेव्हा एक हंडा चेपलेला होता आणि एक चांगला, आणि चांगला कुणाचा यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. शेवटी पंच तात्यांना घेऊन गेले. तात्यांनी दोन्ही हंडे उन्हात ठेवले, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, "ह्या चांगल्यावरचं सकाळचं काम हाय, चेपल्यावरचं सांजचं. सांजच्याला हात जड पडतो, ठिपका खोल जातो. थोरलीचा हंडा आधी आलता." चांगला हंडा थोरलीला गेला. धाकटीचा नवरा म्हणाला, "ए म्हाताऱ्या, खोटं बोलला असशील तर?" पण पंचांनी आणि गावाने त्यांचं ऐकलं, आणि तेव्हापासून आसपासच्या दहा-पंधरा गावांत तात्यांचा शब्द शेवटचा मानत. हे मला गावातल्या दोघांनी सांगितलं. तात्यांनी स्वतः सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला डावीकडची खुर्ची दाखवली.

पुढे स्टील आलं, मग विजेची लेखणी आली. पितळ लोक मोडीत घालू लागले. मोडीचं भांडं तोलण्याआधी ठोकून चपटं करायचं, हे काम दुकानात तात्यांकडेच होतं. आपणच घातलेलं नाव आपणच ठोकायचं. एके दिवशी त्यांनी एक कळशी न ठोकता पगारातून विकत घेतली. मग दुसरी घेतली. दुकान बंद पडलं तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात नव्वद भांडी होती. बायको म्हणायची, एक तर हे पितळ ऱ्हाईल न्हाई तर मी. "आन ती लवकर गेली," तात्या म्हणायचे. नंतर गावाने जुन्या कोंडवाड्याच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. जिथे चुकार जनावरं कोंडायचे तिथे फळ्या लागल्या. लोकांनी मापं, दिवे, एक गंजकी तलवार, निजामाच्या वेळची नाणी आणून दिली. मी मोजलं तेव्हा एकूण तीनशे बारा वस्तू होत्या, त्यात दोनशे सत्तर भांडी. प्रत्येक भांड्यासमोर चिठ्ठी: नाव कुणाचं, गाव कोणतं, माणूस सापडला की नाही. भांड्यावरची माणसं शोधायला तात्या एसटीने गावोगाव जात.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या माणसाने साहेबांच्या आजोबांच्या नावाचा तांब्याचा हंडा आणून दिला, म्हणाला, शंभर वर्षांचा आहे, मधोमध ठेवा. तात्यांनी तो मधोमध ठेवला आणि समोर चिठ्ठी लावली: 'नवीन.' माणूस चिडला. तात्या म्हणाले, "चिडू नगा. शंभर वर्सं थांबा. मग मीच 'जुना' लिवतो."

आणखी एक सांगतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ट्रॅक्टरवरून जाणारी एक बाई संग्रहालयात शिरली. तिच्या आईच्या नावाची कळशी तिथे आहे असं तिला कुणी तरी सांगितलं होतं. तिने कळशी बघितली, हात लावला आणि विचारलं, "पानी भरून पिऊ का यातनं?" तिथे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावायचा नसतो. तात्यांनी कळशी उतरवली, चिंच लावून स्वतः घासली, नळावर भरून आणली. "भांडंच हाय ते," ते गृहस्थांना म्हणाले. बाई ओंजळीने पाणी प्यायली, बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला, ती गेली. ती कळशी मी बघितली आहे. बाकीच्यांपेक्षा ती उजळ दिसते.

तर आता त्या दिवसाचं.

दुसऱ्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर पाच भांडी होती. हंडा, घागर, कळशी, घंगाळ, परात. समोरच्या चिठ्ठीत ना नाव, ना गाव. फक्त 'लग्नाची पाच भांडी' एवढंच. पाचांवरही ठिपक्यांची अक्षरं होती: 'चि. सौ. कां. सुमन हिस वडिलांकडून.'

सुमन म्हणजे आक्का. ती फळीपासून दोन हात अंतरावर थांबली.

आक्काचं लग्न मोडलं तेव्हा मी अंबाजोगाईला बोर्डिंगात, नववीत होतो. लग्नाच्या दिवशी दुपारी घरी पोचलो तोवर वऱ्हाड परत गेलं होतं. साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक तसाच होता. आईने सांगितलं ते असं: रुखवत मांडला होता. नवऱ्याच्या आत्याने घागर उचलून उन्हात धरली. आक्काच्या नावाखाली दुसरं, घासलेलं नाव दिसलं, 'कै. गयाबाई.' तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावाने भांडी वाटतात, त्यातली ती घागर होती. मेलेल्या बाईचं भांडं नव्या नवरीच्या रुखवतात. आत्याने घागर मांडवाबाहेर ठेवली आणि वऱ्हाड न जेवता उठलं.

आमचे वडील किसनराव, म्हणजे आण्णा, पैशाला जपून होते. चार कोसांवर बाजार असला तरी चालत जायचे. त्यामुळे सगळ्या गावाने धरून चाललं की किसनरावांनी पैसे वाचवायला मोडीतली भांडी घेतली. आक्कानेही तेच धरलं. ती नर्सिंगला गेली, परळीला नोकरीला लागली, पुन्हा लग्नाला उभी राहिली नाही. आण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत ती त्यांच्याशी एकदाच बोलली. त्यांनी म्हटलं होतं, "पोरी, मी नवीच घेतली होती." ती म्हणाली, "मग कै. कुठून आलं?" पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

हे सगळं आक्काच्या पाठीकडे बघत मला आठवत होतं. तात्या तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या वडलांनी नवीच मागितली व्हती. पैसे बी नव्याचे मोजले. त्या हंगामात माल आला न्हाई. शेट म्हनला, मोडीतली चांगली पाच काढ, नाव घास, चकचकीत कर. म्या घासलं. घागरीवरचं लई खोल व्हतं. आजून घासलं असतं तर भोक पडलं असतं. शेट म्हनला, ऱ्हाऊ दे, कोन बगतंय. म्या ऱ्हाऊ दिलं."

आक्का वळली नाही. "आण्णांना ठाऊक होतं?"

"न्हाई."

"ते आले असतील दुकानात. नंतर."

"दुसऱ्या दिशी आलते. घागर घिऊन. मला म्हनले, रंगनाथ, तू नाव घातलंस, तू सांग, ही नवी व्हती का न्हवती. शेट गल्ल्यावर बसल्याला. म्या म्हनलं, नवीच व्हती. मग म्हनले, तर हे नाव कुटून आलं? म्या खाली बगून दुसऱ्याच्या ताटावर ठोकत बसलो. पुढं ती पाची मोडीत आली, म्या ठोकली न्हाईत."

माझी मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. पत्नीने तिला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं.

आक्काने घागर उचलली. तिने ती पूर्वी कधीच नीट बघितली नव्हती. लग्नाच्या दिवशी ती आत, हळदीच्या साडीत बसलेली होती. तिने घागर खिडकीकडे तिरपी केली.

"डोळ्याला दिसायचं न्हाई आता," तात्या म्हणाले. "बोटानं बगा."

तिने बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. नर्सने शीर शोधावी तसं. मग विचारलं, "ह्या गयाबाई कोण?"

"न्हाई सापडल्या. धा गावं हिंडलो."

"आणि मला कावून नाही सांगितलं? शेट मेला असंल की कधीच."

"एकवीस वर्सं झाली. तवर तुमचे वडील गेलते. परळीला तुमच्या दवाखान्यात दोनदा आलतो. दोन्ही बारीला केसपेपर काढला, नंबर लावला आन नंबर यायच्या आत निघून आलो. येकदा तुमीच पुकारा केला, रंगनाथ सोपान, रंगनाथ सोपान. मी जिन्यात व्हतो."

आक्काने घागर जागेवर ठेवली. अगदी आधी होती तशीच, नाव समोर करून.

"ही भांडी तुमची हायत," तात्या म्हणाले. "घिऊन जा. न्हाई तर म्हनाल तर सगळी नावं घासून टाकतो. आता भोक पडलं तरी पडू दे."

"घासू नका," आक्का म्हणाली. "लिहा."

"काय लिवू?"

"झालं ते. आण्णांना ठाऊक नव्हतं, हे लिहा. त्यांचं नाव येऊ द्या त्यात. आणि तुमचं."

"आत्ता चिठ्ठी लिवून लावतो."

"कागद नको. तुमी कशावर लिहिता?"

तात्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. तो कापत होता. दारात पैसे मोजताना माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. "चार वर्सं झाली, छिन्नी धरली न्हाई."

"चालंल तसं लिहा," आक्का म्हणाली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

परतीच्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. "आण्णा खरं बोलले होते." घरी आल्यावर मी माळ्यावरची आण्णांची पेटी काढली. लग्नाच्या खर्चाच्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या होत्या. भांड्यांची पावती त्यात होती: वजन अठरा किलो दोनशे, आणि पुढे भाव. तो भाव नव्या भांड्यांचा होता. मोडीचा भाव त्याच्या निम्म्याच्या आसपास असायचा, हे त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या पावतीवरून कळत होतं. ती पेटी सत्तावीस वर्षं माझ्या घरात आहे. दुसऱ्यांची बिलं तपासण्याचा मी पगार घेतला आणि ही पावती उघडून बघितली नाही. मी ती आक्काला दाखवली. तिने वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

तात्यांनी दुसऱ्याच आठवड्यात काम सुरू केलं. पितळेचा एक जाड पत्रा आणला आणि तिकिटाच्या टेबलाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे बसून ते ठोकू लागले. हात चालेल त्या दिवशी दोन अक्षरं. एखाद्या दिवशी एकच, कधी आठवडाभर काहीच नाही. कुणी विचारलं, "तात्या, काय लिवताव?" की हातोडी थांबवून सगळं सांगत. शेटने काय सांगितलं, आपण काय केलं, किसनराव काय विचारायला आले, आपण काय उत्तर दिलं. आवाज न चढवता, भाव सांगावा तसं. ऐकणाऱ्याने "जाऊ द्या तात्या, जुनी गोष्ट" म्हटलं तर त्याला डावीकडची खुर्ची दाखवत.

गोष्ट गावभर झाली. एक-दोन आठवड्यांत तीन घरांनी आपली भांडी परत नेली. सिरसाळ्याच्या धाकट्या सुनेचा नवरा मुद्दाम आला आणि म्हणाला, "मंग आमच्या हंड्याचं बी तसंच असंल." तात्यांनी त्याला तो निकाल पुन्हा पटवून दिला नाही. भांडी न्यायला आलेल्यांना त्यांनी वहीत सही करायला लावली, भांडं फडक्याने पुसून दिलं. तिसऱ्या घराची परात जड होती तर रिक्षापर्यंत स्वतः उचलून नेली.

मी जायचो तेव्हा उजवीकडे बसायचो. ते विचारत, "ताई काय म्हनल्या?"

"काही नाही," मी सांगायचो. खरंच ती काही म्हणत नसे. फक्त फोनवर दर वेळी एकदा विचारायची, "कुठवर आलं?" मी अक्षर सांगायचो. सुरुवातीला 'ही पाच भांडी नवी म्हणून विकली' एवढं झालं. मग 'ती जुनी होती.' मग संक्रांतीच्या आधी 'घेणारे किसनराव यांस ठाऊक नव्हते.' हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ठेवते. दवाखान्यात जायचंय." तिला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

मी तात्यांना शेवटचं बघितलं ते माघात, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. संग्रहालय उघडलेलं होतं, आत कुणी नव्हतं. ते कोंडवाड्याच्या अंगणात उन्हात बसले होते. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून दोन्ही पायांच्या तळव्यांनी धरलेला. डाव्या हातातल्या छिन्नीला फडकं गुंडाळलेलं, म्हणजे घसरू नये. उजवा हात हवेत थरथरायचा आणि खाली येताना मात्र ठिपक्यावरच यायचा. 'जुने नाव घासून नवे घालणारा' इथवर झालं होतं. जोडाक्षर एकच धरलं तर सत्तेचाळीस अक्षरं.

"आता नाव तेवढं ऱ्हायलं," ते म्हणाले. "उद्याच्याला घेतो. घाई न्हाई करायची."

मी निघालो. फाटकाशी मागे वळून बघितलं तर त्यांनी हातोडी खाली ठेवली होती आणि वाकून पत्र्यावरचा चुरा फुंकत होते. फुंकर बहुधा पुरत नव्हती. मग टोपी काढून टोपीनेच पुसलं.

नवव्या दिवशी ते गेले. झोपेतच. शेजाऱ्यांनी सांगितलं, मधले आठही दिवस संग्रहालय वेळेवर उघडत होतं आणि पत्रा समोर मांडलेला असायचा. रोज हात चालला असता आणि दिवसाला दोन अक्षरं धरली तर आठ दिवसांत सोळा झाली असती. तात्यांचं पूर्ण नाव दहा अक्षरी आहे. पत्र्यावर 'घालणारा'च्या पुढे एक ठिपकाही नव्हता. हात थांबला होता की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. तोंडाने त्यांनी स्वतःचं नाव गावात कुणापासून लपवलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

मी आक्काला फोन करून जसं आहे तसं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे तसंच. ती पुढच्या आठवड्यात एसटीने वडवणीला आली. संग्रहालयातून पत्रा मागून घेतला, कापडात गुंडाळला आणि आम्ही बाजारात गेलो. विजेच्या लेखणीने नावं घालणारा एक माणूस आता तिथे बसतो. तिने कागदावर नाव लिहून दिलं: रंगनाथ सोपान कासार.

त्याने पत्रा वाचला. मग आक्काकडे बघितलं. "तुमचे कोन लागायचे?"

"कुणी नाही. आण्णांनी ह्यांच्याकडून भांडी घेतली होती."

"आधी कै. घालू ना?"

"नको," आक्का म्हणाली. "घासलं तेव्हा जिवंत होते ते."

लेखणी घरघरली. चार मिनिटांत दहा अक्षरं झाली. ती ठिपक्यांची नाहीत, सलग रेघेची आहेत. वेगळ्या हाताची आहेत हे लांबूनही कळतं. आक्काने पत्रा उन्हात धरून पाहिला, नावावरून बोट फिरवलं आणि पिशवी उघडली.

पन्नास रुपये झाले. मी खिशात हात घातला तर तिने माझा हात धरला. पन्नास रुपये रोख, आक्काने, लेखणीवाल्याला दिले.